प्लस पॉइंट सात

पुण्यात मीटर या वस्तूवर कुणाचाच विश्वास नाही. रिक्षाचा मीटर पळतो, विजेचा मीटर पळतो आणि पाण्याचा मीटर बसूच द्यायचा नाही, असं सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एकमताने ठरतं, जिथे एरवी चहात साखर किती यावरही दोन तट पडतात. पण हा अविश्वास तोंडी. पैसे शेवटी मीटर दाखवील तेवढेच मोजले जातात. मीटरवरचा अविश्वास व्रतासारखा पाळलेले गृहस्थ माझ्या पाहण्यात एकच. आमच्या रविवारच्या फोटोग्राफीच्या कंपूत त्यांना मीटरकाका म्हणतात. तोंडावरही म्हणतात, कारण हा किताब आहे अशी त्यांची समजूत आहे.

काका वीज मंडळाच्या मीटर तपासणीतून निवृत्त झाले. त्यांच्या काळी मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची. दिवाळीनंतर बिल फुगलं की ग्राहक तणतणत अर्ज करी आणि त्याच्या भिंतीवरचा मीटर उतरून काकांच्या टेबलावर येई. एका हातात स्टॉपवॉच, डोळा चकतीवरच्या खुणेवर, ओठांत फेऱ्यांची मोजणी. मग निकाल. इतके टक्के फास्ट किंवा इतके टक्के स्लो. निकाल लिहायचा, सही ठोकायची, तारेत शिशाचं सील दाबायचं. उभ्या नोकरीत बरोब्बर शून्यावर चालणारा मीटर आपण पाहिला नाही, असं ते शपथेवर सांगतात. ‘त्रुटी असतेच. किती, एवढाच प्रश्न. मीटर हा तपासायचा असतो, मानायचा नसतो.’

अशा माणसाच्या हाती ज्याच्या पोटात मीटर आहे असा कॅमेरा पडला, तर आणखी काय होणार? कॅमेरा घरी आला, काकूंनी त्याला कुंकू लावलं आणि काकांनी तो तपासायला घेतला. अठरा टक्के उजेड परत पाठवणारं ते प्रसिद्ध करडं कार्ड आणलं, गच्चीत कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्याने अडकवलं, आभाळ निरभ्र असल्याची खात्री केली, आणि काकूंना ‘सावली पडू देऊ नकोस, पण कार्ड हलायला लागलं तर धर’ अशा अवघड कामावर उभं करून कार्डाचे फोटो काढले. निकाल : मीटर दोन तृतीयांश स्टॉप स्लो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). कॅमेऱ्याच्या आकड्यांत पॉइंट सात. त्याच दिवशी कॅमेऱ्याच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटली. ‘तपासले. त्रुटी : उणे ०.७.’ खाली तारीख आणि सही. शिशाचं सील लावायला जागा नव्हती म्हणून राहिलं. मग शटरच्या शेजारचं प्लस-मायनसचं, म्हणजे कॉम्पेन्सेशनचं, बटण दाबून त्यांनी कॅमेऱ्यात प्लस पॉइंट सात भरून टाकले, ते कायमचे.

यात काका अगदीच चुकले असं कुणी समजू नये. कॅमेऱ्यांचे मीटर अठरा टक्क्यांना जुळवलेले नसून बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास असतात, असं म्हणणारा जाणकारांचा मोठा गट आहे. त्यांचं खरं धरलं, तर कार्डाच्या आणि मीटरच्या म्हणण्यात अर्ध्या स्टॉपचा फरक पडणारच. पण काकांचा कॅमेरा एक तृतीयांशाच्या पायऱ्यांवर लावलेला. पॉइंट तीन, पॉइंट सात, एक. अर्धा त्यात बसत नाही. तो द्यायचा तर वर ढकला नाहीतर खाली. काकांनी वर ढकलला.

आता हा मीटर काय करतो, ते काकांच्याच तोंडून ऐकावं. कंपूत नवं माणूस आलं की त्याला हे ऐकावं लागतंच, त्यातून सुटका नाही. ‘हे बघ, त्याला काळं-पांढरं कळत नाही. समोरून उजेड किती आला तेवढंच कळतं. आणि नोकरीला लागताना त्याला एकच परिपत्रक मिळालंय, समोर येईल ते मध्यम करडं कर. म्हैस आणलीस, करडी करून देईल. बगळा आणलास, करडा करून देईल. दोघांना एकाच दाखल्यावर एकच शेरा. आता सांग, बगळ्याला वाढवायचं की कमी करायचं?’

नवं माणूस ठामपणे सांगतं, ‘कमी करायचं.’ आधीच पांढरा शुभ्र पक्षी, त्यात आणखी उजेड कशाला? काका या चुकीच्या उत्तरासाठी जगतात. कुणी चुकून बरोबर उत्तर दिलं, तर त्यांचा दिवस फुकट जातो. ‘वाढवायचं! तो घाबरून बगळ्याचा उजेड कापतो, आपण तो परत द्यायचा. म्हशीला खैरात करतो, ती आपण काढून घ्यायची. पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस.’ एवढ्यावर शिकवणी संपली तर ते मीटरकाका कसले? नवशिक्याने हे वहीत लिहून घेतलं की काका चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, ‘आणि तोच बगळा लांब असेल, इवलासा, आणि मागे सगळं काळं पाणी?’ आता मीटर पाण्याकडे बघून उजेड वाढवणार आणि बगळ्याच्या पिसांचा चुना होणार. म्हणजे पांढऱ्याला मायनस. नवशिक्या वहीतलं खोडतो. काका समाधानाने पान जुळवायला घेतात.

पण स्वतः काका हे प्लस-मायनस वापरत नाहीत, म्हणजे प्रसंगाप्रमाणे बदलत नाहीत. ते कायम एम वर. मॅन्युअल. ए मोडवर छिद्र आपण ठरवायचं आणि शटर कॅमेरा ठरवणार. तिथे प्लस पॉइंट सात दिले तर कॅमेरा १/१००० चं शटर १/६४० करतो. काकांच्या मते हा अर्ज-विनंतीचा कारभार झाला. ‘त्याने ठरवलेल्या आकड्याखाली आपण शेरा मारायचा, थोडे वाढवून मिळावेत. मी काय त्याच्या हाताखाली आहे? मॅन्युअलवर सही आपली.’

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हौशी फोटोग्राफरांमध्ये एम वर काढतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज खर्जात जातो. यातले बहुतेक काय करतात, तर समोर कॅमेरा धरतात, मीटरच्या पट्टीवरचा काटा शून्यावर येईपर्यंत चाक फिरवतात आणि फोटो काढतात. म्हणजे कॅमेऱ्याने ऑटोवर निमिषात जे केलं असतं, तेच हे अंगठ्याने, घाम गाळून, पक्षी उडून गेल्यावर करतात. काट्याला शून्यावर आणायला माणूस कशाला हवा? काटा शून्यावरून मुद्दाम हलवायचा तर मॅन्युअलला अर्थ. नाहीतर उजेड तोच आणि समोरची पार्श्वभूमी बदलती असताना, किंवा रंगमंचावर, किंवा स्टुडिओच्या दिव्यांत. काकांना हे पक्कं माहीत आहे, आणि काटा शून्यावर आणणाऱ्यांचा ते मनापासून तिरस्कार करतात. त्यांच्यासाठी त्यांनी एक शब्द राखून ठेवलाय, ‘रीडर’. घरोघर जाऊन मीटरचा आकडा टिपून घेणारा तो रीडर. तपासणाऱ्याच्या तो दोन पायऱ्या खाली.

एक तत्त्व हाती लागलं की माणूस ते कुठेकुठे लावील याला धरबंध नसतो. काका नातेवाइकांनाही कॉम्पेन्सेशन देतात. त्यांचे मेव्हणे ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणाले की काका दोन स्टॉप वाढवतात. एका स्टॉपला दुप्पट, दोन स्टॉपला चौपट, म्हणजे वीस मिनिटं. मेव्हणे विसाव्या मिनिटाला बेल वाजवतात आणि काका आमच्याकडे बघून मान डोलवतात. व्याही स्वतःच्या मुलाच्या पगाराविषयी बोलू लागले की मायनस एक. डॉक्टरांनी ‘थोडंसं टोचेल’ म्हटलं की प्लस दीड. काकूंनी ‘काही नाही, असंच’ म्हटलं तर काय करायचं, हा प्रश्न मात्र त्यांनी अजून सोडवलेला नाही. ‘पट्टी पाचपर्यंतच आहे रे,’ ते हळूच म्हणतात.

काका खरे पाहायचे ते भिगवणला. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर, उजनीच्या धरणाचं पाणी तिथवर पसरलेलं. हिवाळ्यात रोहित येतात आणि त्यांच्यामागून पुण्याचे कॅमेरे येतात. उजाडायच्या आत कुंभारगावात पोचायचं, होडीत बसायचं. काका सर्वांत पुढे. गळ्यात जुना निकॉन, डोक्याला कानटोपी, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर चिकटवलेला काळा पुठ्ठा. फोटो काढल्याबरोबर तो स्क्रीनवर बघणं ही काकांच्या मते परीक्षेतली कॉपी आहे. जे काय आलं ते घरी गेल्यावर, चहा झाल्यावर, हिस्टोग्रामसकट, म्हणजे उजेडाच्या आलेखासकट बघायचं. रॉ फाइलही ते काढत नाहीत. ‘रॉ म्हणजे उधारी. नंतर बघू, नंतर भागवू. जेपेग म्हणजे रोख.’

सूर्य वर येईपर्यंत होडी धुक्यात उभी असते, आणि त्या वेळात काका फोटोग्राफर आन्सेल ॲडम्सची गोष्ट सांगतात. आन्सेल असं नुसतं एकेरी, जणू मंडळात शेजारच्या टेबलावर होता. १९४१ साल, अमेरिकेतलं न्यू मेक्सिको. आन्सेल दिवसभराचं काम आटपून गाडीने परत निघालेला. हर्नांडेझ गावापाशी बघतो तर पूर्वेला चंद्र वर आलेला आणि पाठीमागून मावळतं ऊन गावातल्या दफनभूमीच्या क्रुसांवर. गाडी रस्त्याकडेला घातली. भलामोठा कॅमेरा, तिकाटणं, भिंग, फिल्टर, सगळं बाहेर काढलं आणि... इथे काका थांबतात. वल्हवणारा नावाडीही थांबतो, त्याला गोष्ट पाठ आहे. ‘मीटर सापडेना!’ काका दोन्ही हात वर करतात, होडी डुलते. ‘मीटरच सापडेना! आता तुम्ही रीडर लोक काय केलं असतंत? आन्सेलला चंद्र किती उजळ असतो ते पाठ होतं. चौरस फुटाला अडीचशे कँडल. चंद्र बसवला सातव्या झोनमध्ये, तोंडी हिशेब केला, एफ ३२ ला एक सेकंद. काढला. दुसरी प्रत घ्यायला होल्डर उलटा करतोय तोवर क्रुसांवरचं ऊन गेलं! एकच निगेटिव्ह. मीटर शोधत बसला असता तर?’

ही गोष्ट खरी आहे. तिचा पुढचा भाग असा की त्या निगेटिव्हची खालची बाजू इतकी पातळ होती, की १९४८ साली ॲडम्सनी ती पुन्हा रसायनात घालून गडद करून घेतली. म्हणजे आन्सेलनेही उधारी ठेवली होती. पण हे मी होडीत बोलत नाही. मला पोहता येत नाही.

ऊन आलं की काका उजवा तळहात पुढे करतात. काळं-गोरं कुणीही असो, तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. त्याच्यावर मीटर धरायचा आणि एक स्टॉप वाढवायचा, हा जुन्या फोटोग्राफरांचा हुकमी तोडगा. पण लख्ख उन्हात काका तेही नुसतं आम्हाला दाखवण्यापुरतं करतात. लख्ख ऊन म्हणजे एफ १६ आणि शटर जेवढा आयएसओ तेवढं. आयएसओ ४०० ला एफ १६ आणि १/४००, म्हणजेच एफ ८ आणि १/१६००. ‘बगळा आहे, पिसं राखायची, एक तृतीयांश खाली. एकवीसशे... नाही, दोन हजार.’ काका चाक एक टिचकी फिरवतात आणि हात मांडीवर ठेवून बसतात. आता मागे काळं पाणी येवो, आभाळ येवो, बाभळी येवोत. बगळ्यावर पडणारं ऊन तेच, म्हणून आकडे तेच. आम्ही बाकीचे ए वर. बगळा पाण्यावरून उडाला की आमच्या फोटोत त्याचा चुना, आभाळात चढला की कोळसा, आणि आम्ही प्लसकडून मायनसकडे अंगठा घासत असतो. इथे काका शंभर टक्के बरोबर आहेत, आणि तेवढ्या अर्ध्या तासात त्यांच्याकडे बघवत नाही.

त्यातच त्यांचा निकॉन आणि आमच्यातल्या निम्म्यांचे कॅनन. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत पट्टीवर प्लस डावीकडे असायचा, कॅननमध्ये उजवीकडे. ‘डावीकडे न्या, डावीकडे!’ असं काका पुढून ओरडतात आणि मागची निम्मी होडी भक्तिभावाने उजेड कमी करते. निकॉनला ही पट्टी उलटी करून घेता येते, हे एकाने त्यांना सुचवून पाहिलं. ‘पट्टी कशाला उलटी करू? तुम्ही सरळ व्हा.’

भिगवणच्या पक्ष्यांत काकांचा राग एकट्या राखी बगळ्यावर. हा पक्षी मुळातच मध्यम करडा. मीटर त्याला करडा करतो आणि तो करडाच असतो. काही वाढवायला नको, काही कमी करायला नको. तो काठावर तासन्‌तास एका पायावर उभा राहतो, फोटोसाठीच उभा राहिल्यासारखा, पण काका त्याच्याकडे पाठ फिरवून बसतात. ‘त्याला काय, तो कुणीही काढील.’

मग ढग येतो. मघाचं ऊन दोन स्टॉप पडतं, आणि नेमका त्याच वेळी रोहितांचा थवा उठतो. ‘काका, उडालं!’ नावाडी ओरडतो. आमचे कॅमेरे कडकडायला लागतात. कॅमेऱ्यांनी आपापलं शटर केव्हाच खाली आणलेलं असतं. काका ढगाकडे बघत असतात. ढग पातळ आहे की जाड? कडा दिसते का? सावली मऊ पडते की पडतच नाही? एफ ५.६ म्हणावं की एफ ४? निर्णय होतो. बिनचूक होतो. तोवर थवा दौंडच्या दिशेने गेलेला असतो, आणि काका रिकाम्या आभाळाचा एक फोटो काढतात. तो फोटो मी पाहिलाय. आभाळ अगदी हवं तसं आलंय.

काकांच्या फोटोंचं हे असंच आहे. उजेड निर्दोष. पांढऱ्यात पांढऱ्याचे पदर दिसतात, काळ्यात काळ्याचे. माणसांचे डोळे मिटलेले असतात, कुणाचं अर्धं डोकं फ्रेमबाहेर असतं, बगळ्याचं शेपूटच तेवढं हाती लागलेलं असतं. पण ते शेपूट किती नेमक्या उजेडात! मला वाटतं, काकांना फोटो हवाच नसतो. त्यांना निकाल हवा असतो. फोटो हा त्यांच्या लेखी निकालाला जोडलेला पुरावा, आणि पुरावा कुणी सुंदर मागत नाही.

अलीकडे आमच्यात आयटीतली एक मुलगी आलीये. तिचा कॅमेरा मिररलेस. त्यात डोळा लावला की आत छोटा पडदाच असतो. चाक प्लसकडे फिरवलं की चित्र तिथल्या तिथे उजळतं, मायनसकडे नेलं की काळवंडतं. वारीत आम्ही दिवे घाटात उभे होतो. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, खाली वळणावळणाने वर येणारी दिंडी, मागे पावसाळी हिरवा डोंगर. काका तळहात पुढे करून पोरांना हिशेब सांगत होते. ही मुलगी म्हणाली, ‘काका, टोप्या करड्या दिसल्या, मी पांढऱ्या होईपर्यंत फिरवलं.’ किती फिरवलं, ते तिला सांगता येईना. काकांनी बघितलं. प्लस पॉइंट सात. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘अगं बाई, तू टीव्ही बघून फोटो काढतेस.’

आता मुंजीचं सांगतो. काकांच्या नातवाची मुंज, कर्वे रस्त्याच्या आसपासच्या एका कार्यालयात. ठरलेला फोटोग्राफर होताच, त्याचे फ्लॅश, त्याची व्हिडिओवाली मंडळी. पण घरचा माणूस म्हणून काकाही होते. आदल्या आठवड्यात त्यांनी कॅमेरा सेन्सर साफ करून घ्यायला दिला होता, सेन्सरवर बसलेला धुळीचा ठिपका प्रत्येक आभाळात दिसायचा म्हणून. कॅमेरा चकचकीत होऊन परत आला.

हॉलमध्ये ऊन नाही, ट्यूबलाइट. सोळाचा नियम तिथे चालत नाही. तिथे काकांना ज्याच्यावर विश्वास नाही त्या मीटरलाच विचारावं लागतं. तळहात पुढे करून, एक स्टॉप वाढवून, पण विचारावंच लागतं. शटर मात्र त्यांनी स्वतःच्या अधिकारात ठरवलं, १/५०. ‘आपली वीज पन्नास हर्ट्झ. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. पन्नासावर दोन पूर्ण फेरे मिळतात, उजेड एकसारखा. रीडर लोक दोनशे-अडीचशे लावतात आणि मग अर्ध्या फोटोवर पिवळट पट्टा आला म्हणून रडतात.’ शास्त्र अगदी खरं. फक्त १/५० ला हलणारी वस्तू फराटते, आणि मुंजीत हलत नाही असं काय असतं? अक्षता हलतात, भिक्षावळ घालणारे हात हलतात, मातृभोजनाला बसलेला बटू तर सबंध हलतो. गुरुजींनाही त्यांनी सोडलं नाही. मुहूर्ताला काही मिनिटं राहिलेली, अंतरपाट धरलेला, आणि काका गुरुजींना म्हणतात, ‘गुरुजी, तळहात जरा इकडे करा.’ गुरुजींना वाटलं, दक्षिणा. त्यांनी हात पुढे केला. काकांनी त्यावर कॅमेरा रोखला, पुटपुटले, ‘साठला एफ चार... म्हणजे पन्नासला... बरं,’ आणि निघून गेले. पुढच्या मंगलाष्टकात गुरुजींचा ‘सावधान’ जरा जास्तच चढा लागला.

रात्री चहा झाला, पुठ्ठा काढायची गरज नाही, फोटो टीव्हीवर लागले. घरचे सगळे बसलेले. पहिल्या फोटोपासून काहीतरी खटकत होतं. फराट्यांची सवय आहे, ते नव्हे. काकूंनीच बोलून टाकलं.

‘अहो, उपरणं न धुतलेलं का दिसतंय? नवं काढलं होतं मी.’

उपरणं मळकट, भिंती मळकट, बटूचं गोटा केलेलं डोकंसुद्धा दबलेलं. काकांनी हिस्टोग्राम लावला. सगळा डोंगर डावीकडे सरकलेला. दुसरा फोटो, तिसरा, पन्नासावा, सगळे सारखेच सरकलेले. काकांनी कॅमेरा उलटा करून बुडाची चिठ्ठी वाचली, सुलटा करून प्लस-मायनसचं बटण दाबलं. शून्य. साफ करणाऱ्या मुलाने, त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे, सगळं मूळ पदावर आणून ठेवलं होतं. मॅन्युअलवर निकॉनमधलं कॉम्पेन्सेशन छिद्राला हात लावत नाही आणि शटरलाही नाही. ते फक्त काट्याचं शून्य सरकवतं. म्हणजे इतकी वर्षं काकांचा काटा सरकलेल्या शून्याकडे बघत होता, आणि काकांचे सावलीतले, घरातले, हॉलमधले सगळे फोटो काट्याकडे. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातलं प्लस-मायनसचं चिन्ह कायम तिथे असल्यामुळे, ते गेल्याचंही त्यांना जाणवलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, होतं असं. व्याह्यांनी तेवढ्यात ‘एडिटिंगमध्ये उजळता येतं हो’ असं म्हटलंच. काकांनी त्यांना मायनस एक दिला असावा, कारण ते ऐकल्याचं त्यांनी दाखवलं नाही. सुनेने मोबाइलवर काढलेले फोटो तोवर नात्यातल्या सगळ्यांना पोचलेले होते, आणि त्यांत उपरणं धुतलेलं होतं. पण त्या मोबाइलने तिच्या नकळत काय काय वाढवलं आणि कमी केलं ते काकांना समजावून सांगायचं होतं, आणि ते ऐकायला कुणी जागं नव्हतं.

साफ करणाऱ्या मुलाला त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. मुलगा बिचारा नम्र. ‘काका, ते झिरोच असतं.’

‘कुणी सांगितलं?’

‘कंपनीने.’

‘कंपनीने तपासून दिलं? निकालाची प्रत आहे?’

प्रत नव्हती. म्हणून पुढच्या निरभ्र दिवशी करडं कार्ड पुन्हा गच्चीत दोरीला लागलं. काकू पुन्हा सावली पडणार नाही अशा बेताने उभ्या राहिल्या. या खेपेला त्यांनी चिमटे दोन लावून घेतले आणि हातात निवडायला मेथी घेतली. कार्ड जुनं झालं, उन्हाने फिकटही झालं असेल. पण त्यावर बोलायची माझी छाती नाही. नवी चिठ्ठी जुन्या चिठ्ठीवर बसली.

त्यानंतरच्या रविवारी होडीत काका पुढे, आन्सेलची गोष्ट मीटर सापडेना इथवर आलेली. आयटीतल्या मुलीने त्यांच्या गळ्यातला कॅमेरा हलकेच उलटा केला आणि वाचलं. ‘तपासले. त्रुटी : उणे ०.३.’

‘काका, मागच्या वेळी पॉइंट सात होते ना? मग मधले पॉइंट चार कुठे गेले?’

‘चार नाही, तीन. पॉइंट सातातून पॉइंट तीन गेले की पॉइंट तीनच उरतात. तिसरे हिस्से आहेत ते, आयटीतलं गणित नाही.’

‘बरं, तीन. ते कुठे गेले?’

काकांनी धुक्याकडे बघत तळहात पुढे केला. ‘सर्व्हिसिंगला दिला होता ना. साफसफाईत निघाले.’